समांतर रेघ शिकवणारे गायकवाड सर

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिघीच्या धक्क्यावर आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट बघत उभी होते. एका रस्त्याची मोजणी आटोपून अलिबागला परतत होते. फोनवर सुशीलाकाकू होत्या, सरांच्या पत्नी. "नीता, तुझे सर गेले गं," त्या म्हणाल्या. "सकाळी चहा घेतला, पेपर उघडला, आणि पेपर हातातच राहिला..." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तू कुठं आहेस आत्ता? जेवलीस का?" नवऱ्याला जाऊन चार तास झालेली बाई मला जेवलीस का विचारत होती. मी बोट बांधायच्या खुंट्यावर बसले आणि रडले. बोट लागली, गाड्या चढल्या, आमच्या ड्रायव्हरने दोनदा हाक मारली, तेव्हा उठले. खाडी ओलांडताना कठड्याला धरून उभी राहिले आणि मनात एकच येत होतं, की हे काम मला ज्याने दिलं तो माणूस आता नाही.

काम म्हणजे नकाशे काढायचं. कॉम्प्युटरवर, कॅडमध्ये. रस्ते, गटारं, बांध, इमारती. आज माझं स्वतःचं छोटं ऑफिस आहे, चार मुली तिथे काम करतात. वीस वर्षांपूर्वी मी रेवसजवळच्या एका गावातून एसटीने अलिबागला कॅडच्या एका क्लासला येत होते आणि तो सोडायच्या बेतात होते. माझे वडील मिठागरावर होते. घरात माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं. क्लास एका दुकानाच्या माडीवर, एका खोलीत चालायचा. तिथला तरुण मास्तर भराभर इंग्रजीत आज्ञा सांगायचा आणि बाकीची मुलं भराभर टाइप करायची. मला बोटं कुठे ठेवायची तेही समजत नव्हतं. दुसऱ्या महिन्यात त्या मास्तरला मुंबईत नोकरी लागली आणि त्याच्या जागी गायकवाड सर आले. उंच, सडपातळ, पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेन्सिली. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरीला लागले अनुरेखक म्हणून. म्हणजे मोठ्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून शाईने तो जसाच्या तसा गिरवणारा माणूस. निवृत्त झाले ते आरेखक म्हणून, म्हणजे स्वतः नकाशा आखणारा. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. बरोबरीच्या लोकांनी माऊसला हात लावायचं नाकारलं. सरांनी आपल्या मुलीच्या वयाच्या एका ऑपरेटरबाईंना जाऊन सांगितलं, "मॅडम, मला पहिलीपासून शिकवा." हे ते आम्हाला अभिमानाने सांगायचे. त्या बाईंना ते शेवटपर्यंत मॅडमच म्हणत.

मी क्लास सोडते हे त्यांना सांगायला गेले तो दिवस मला आठवतो. त्यांनी फक्त "बस" म्हटलं आणि पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर खाडीच्या बांधाची एक वळणावळणाची रेघ होती. "हिच्या शेजारी दोन मीटरवर दुसरी काढ. मग जा." मी काय केलं, ती रेघ उचलली, तिची नक्कल केली आणि दोन मीटर बाजूला नेऊन ठेवली. दिसायला अगदी झकास. सर म्हणाले, "आता वळणावर अंतर मोज." मोजलं तर दोनाचं सव्वा मीटर झालेलं. मला कळेना, नक्कल तर तंतोतंत होती.

"तुझे वडील काय करतात?" त्यांनी विचारलं.

"मिठागरावर हायत," मी म्हणाले आणि जीभ चावली. अलिबागमध्ये मी 'हाय' म्हणायचं नाही असं ठरवलं होतं.

सरांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. "मग संध्याकाळी त्यांना विचार, दोन बांधांच्या मधलं पाणी वळणावर कोंडू नये म्हणून ते काय करतात. उद्या मला येऊन सांग. मग सोड क्लास."

बाबांना विचारलं तेव्हा ते हसले. मला आगरात घेऊन गेले आणि बांधावरून चालून दाखवलं. "पहिल्या बांधाला पाय लावायचा, मोजायचा, खूण करायची. मंग पुढं. वळण आलं तरी पावलं तेवढीच. बांध कसा बी फिरूं दे, पावलं सोडायची न्हाय. न्हाय तर पानी येका जागी तुंबतं." दुसऱ्या दिवशी मी सरांना हे सांगितलं, वडिलांच्याच शब्दांत, हाय-न्हायसकट. सर इतके खूष झाले की त्यांनी सगळ्या वर्गाला काम थांबवायला लावलं. "ऐका. हिचे वडील ऑफसेट करतात, पायाने." मग त्यांनी मला ती ऑफसेटची आज्ञा शिकवली. अंतर टाकायचं, रेघ निवडायची, बाजू दाखवायची. शेजारी दुसरी रेघ उमटली. ती पहिलीची नक्कल नव्हती. आतल्या वळणावर आवळली होती, बाहेरच्या वळणावर पसरली होती, पण कुठेही मोजा, दोन मीटर. "नक्कल केली की आकार तोच राहतो आणि अंतर बिघडतं," सर म्हणाले. "ऑफसेट दिला की आकार बदलतो आणि अंतर राहतं. बांधावरून चालणाऱ्याला काय हवं, ते आधी बघायचं." मी क्लास सोडला नाही. खरं सांगायचं तर वडिलांचं नाव त्या खोलीत मानाने घेतलं गेलं म्हणून सोडला नाही.

सरांकडे आज्ञा पाठ करायची पद्धत नव्हती. ते म्हणत, "हा कॉम्प्युटर तुम्हाला तीन गोष्टी विचारतो. किती, कुणापासून, कुठल्या बाजूला. एवढं सांगितलं की तो रेघ मारून मोकळा. खाली शेत आहे, घर आहे की झाड आहे, हे तो विचारत नाही. ते आपण विचारायचं." आम्ही माना डोलवायचो. परीक्षेला ते नव्हतं, त्यामुळे वहीत कुणी लिहून घेतलं नाही. मीही नाही.

क्लास संपल्यावर अलिबागच्याच एका मोजणी-नकाशांच्या ऑफिसात मला नोकरी लागली. सहा महिने झाले असतील. खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातून जाणारा रस्ता रुंद व्हायचा होता. आमच्याकडे मोजणीची फाईल आली. रस्त्याच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटरवर समांतर रेघा मारायच्या, त्या रेघांच्या आत जे येईल ते रस्त्यात जाणार. माझ्या दृष्टीने हे पाच मिनिटांचं काम होतं. सहा टाकलं, रेघ निवडली, डावी बाजू, उजवी बाजू. नकाशा छापला, साहेबांनी सही केली, नकाशा पुढच्या कार्यालयात गेला. ऑफिसच्या मालकांना आम्ही साहेब म्हणत असू.

आठवड्याभराने साहेबांनी मला आणि एका सहकाऱ्याला खुणा करायला कोळीवाड्यात पाठवलं. आम्ही रंगाचा डबा घेऊन घरांच्या भिंतींवर लाल फुल्या मारत चाललो. खाडीच्या बाजूची ओळीने पाच घरं. शेवटचं घर वळणावर होतं, हिराबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंचं. त्या पडवीत सुकटीची टोपली निवडत बसल्या होत्या. त्यांनी फुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पोरी, ही खून कसली? घर जातंय व्हय आमचं?" मी म्हणाले, "आजी, नकाशात तसं आहे." त्या उठल्या. टोपली उचलून आत ठेवली, आणि बाहेर येऊन मला विचारलं, "पानी पिशील?"

मी पाणी पिऊन निघाले. परतीच्या वाटेवर ऑफिसला न जाता मी सरांच्या घरी उतरले. एरवी मी त्यांच्याकडे रविवारी जात असे; तो रविवार नव्हता, वेळही दुपारची. काकूंनी दार उघडलं. मी सरांसमोर नकाशाची प्रत पसरली आणि म्हणाले, "सर, रस्ता फार रुंद घेतलाय. लोकांची घरं जातायत." वाटलं होतं ते सरकारला दोन शब्द बोलतील, माझं मन हलकं होईल. सरांनी चष्मा लावला, पट्टी ठेवली, बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी एवढंच विचारलं, "सहा मीटर कुठल्या रेषेपासून?"

"मध्यरेषेपासून."

"ही मध्यरेषा आहे?"

मी वाकून बघितलं. ती डांबराची कड होती. खाडीच्या बाजूची कड. फाईलमध्ये मध्यरेषेचा थर, म्हणजे लेयर, बंद करून ठेवलेला होता, पडद्यावर दोन कडाच दिसत होत्या, आणि मी त्यातली एक मध्यरेषा समजून निवडली होती. अख्खा नवा रस्ता पावणेतीन मीटर खाडीकडे सरकला होता. पाच घरांवर.

सर मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, कपाटातून मोठी टेप काढली, काकूंना म्हणाले, "जरा कोळीवाड्यात जाऊन येतो." काकू म्हणाल्या, "या उन्हात?" ते म्हणाले, "ऊन संध्याकाळपर्यंत कमी होईल, पण हिला तोवर धीर धरवणार नाही." मिनीडोअर रिक्षाने आम्ही परत गेलो. साठी ओलांडलेले सर डांबराच्या मधोमध गुडघे टेकून टेपचं टोक धरायचे आणि मी दुसऱ्या टोकाला भिंतीपर्यंत जायची. मधेच एखादी रिक्षा आली की दोघं बाजूला. सात मीटर, सात मीटर दहा, सहा मीटर नव्वद... चार घरं सहा मीटरच्या बाहेर होती. पूर्ण बाहेर. हिराबाईंचं पाचवं तेवढं वळणावर पुढे आलेलं होतं. त्यांची पडवी अर्धा मीटर आत येत होती, घर नाही. हिराबाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. सर टेप गुंडाळत त्यांच्यापाशी गेले आणि म्हणाले, "आजी, जय भीम. नकाशात चूक झालीय. घर राहील असं दिसतंय. पडवीचं मात्र खोटं सांगत नाही, थोडी जाईल." हिराबाई म्हणाल्या, "चूक कुणाची?" मी सरांच्या मागे उभी होते. तिथून पुढे यायला मला किती वेळ लागला असेल कुणास ठाऊक, मला तर फार लागल्यासारखं वाटलं. म्हणाले, "माझी." हिराबाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "सांगितलास ना," त्या म्हणाल्या. "मंग आता निस्तर."

निस्तरायचं म्हणजे साहेबांना सांगायचं. नकाशा त्यांच्या सहीने गेलेला. रस्त्याकडेला माडाच्या सावलीत मी सरांना म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील." तेव्हा सरांनी मला एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी बहुधा काकूंखेरीज कुणाला सांगितली नव्हती. त्यांना नोकरीला लागून वर्षच झालं होतं. एका रस्त्याचा नकाशा शाईने गिरवताना त्यांच्या हाताखालची पट्टी घसरली, बाजूची रेघ थोडी सरकली. लक्षात आलं तोवर कागद पुढे गेला होता. नवी नोकरी, वर साहेब कडक. ते गप्प बसले. पुढे दोन वर्षांनी ते एसटीने त्या रस्त्यावरून गेले तेव्हा एका घरासमोर बुजवलेली विहीर दिसली. "बरोबर नकाशातही ती गेली असती की नाही, हे मला आजपर्यंत माहीत नाही," सर म्हणाले. "विचारून कळलं असतं. विचारायची हिंमत झाली नाही. नीता, चुकलेली रेघ पुसता येते गं. हे न कळणं आहे ना, ते पुसता येत नाही..." मग टेप माझ्या हातात देत म्हणाले, "मी तुझ्याबरोबर येतो. शेजारी बसतो. बोलायचं तू."

ते खरंच आले, शेजारी बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. साहेब आधी हसण्यावारी नेत होते, मग चिडले. "तुला कळतंय का, माझी सही आहे त्याच्यावर! आता मी काय तोंडाने जाऊ?" मी मोजमापांचा कागद पुढे केला. एकेका घराचं अंतर वाचून दाखवलं. साहेबांनी सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते. शेवटी साहेब म्हणाले, "दुरुस्त करून आण." मी तिथेच बसून दुरुस्त केलं. थर उघडला, मध्यरेषा निवडली, सहा मीटर, डावी बाजू, उजवी बाजू. त्यानंतर तीन महिने साहेबांनी मला फक्त प्रिंट काढायला बसवलं. नोकरी मात्र काढून घेतली नाही, आणि दुरुस्त नकाशा स्वतः जाऊन बदलून आले, हे त्यांच्याबद्दलही सांगायला हवं.

पुढे रस्ता झाला. पाचही घरं राहिली. हिराबाईंची पडवी अर्ध्या मीटरने कमी झाली. ती तोडायच्या दिवशी सर तिथे गेले होते हे मला नंतर हिराबाईंकडून कळलं. "तुजे मास्तर सकाळधरनं माज्यासंगं बसलंवते," त्या म्हणाल्या. "माज्या टोपल्या उचलून आत ठेवल्यान." मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "त्या बाजूला काम होतं." कोळीवाड्यात त्यांचं काही काम नव्हतं.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. माझं लग्न झालं, मुलगी झाली, मी ऑफिस काढलं. उद्घाटनाला फीत कापायला सरांना बोलावलं तर म्हणाले, "कात्री नको, कापायचं काम मी आयुष्यभर टाळलंय," आणि सगळ्यांना हसवून आत जाऊन खुर्चीवर बसले. पुढेही ऑफिसात आले की तिथल्या मुलींना ते कधी 'चुकलं' म्हणायचे नाहीत. "हे कसं आलं, मला समजव" म्हणायचे. समजावता समजावता मुलीच थांबायच्या. त्यांचा हात गेली दोन-तीन वर्षं कापायला लागला होता. चहाचा कप बशीवर वाजायचा. त्याची त्यांना लाज वाटत नव्हती, कपाला दोन्ही हातांनी धरून ते बोलत राहायचे. मी एकदा मनातलं बोलले, की सर, त्या दिवशी तुम्ही आला नसतात तर मी गप्प बसले असते. ते म्हणाले, "तू माझ्याकडे आलीस ती गप्प बसायला आली नव्हतीस." मला अजूनही खात्री नाही. पण त्यांनी तसं धरून चालायचं ठरवलं, आणि मग मलाही तसं वागावं लागलं. मला मिळालेलं सगळ्यात मोठं शिक्षण हेच असावं.

सर गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घर भरलं होतं. वंदना झाली, लोक बोलले. पाटबंधारे खात्यातल्या त्या ऑपरेटर मॅडमही आल्या होत्या, आता त्याही निवृत्त. त्यांनी एकच सांगितलं, "ते मला मॅडम म्हणायचे, आणि मी त्यांना मनातल्या मनात सर म्हणायचे." मी बोलायला उभी राहिले आणि काही न बोलता बसले. म्हणून हे लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात काकूंकडे गेले तेव्हा त्या स्वयंपाकघरात होत्या आणि दारात सुतार उभा होता. काकूंनी मला भिंतीजवळ नेलं. ओट्याच्या वर पेन्सिलीच्या दोन आडव्या रेघा होत्या, एकीवर एक, मध्ये फूटभर अंतर. "जायच्या आदल्या रविवारी मारल्यात," काकू म्हणाल्या. "माझे खांदे दुखतात, वरचे डबे निघत नाहीत, म्हणून खाली फळ्या करायच्या होत्या. मला भिंतीला उभं केलं, म्हणाले, हात वर कर, दुखेल तिथं थांब. तिथं खूण केली. मग त्या खुणेच्या फूटभर खाली एक रेघ मारली आणि तिच्यावरून वरची." मी जवळ जाऊन बघितलं. रेघा थरथरत्या होत्या, त्यांच्या हातासारख्याच. खालच्या रेघेवर वीतवीतभर अंतरावर बारीक टिंबं होती आणि प्रत्येक टिंबाच्या वर, मोजून, दुसरं टिंब. मी पर्समधली टेप काढली. एका टोकाला एक फूट. मध्ये एक फूट. दुसऱ्या टोकाला एक फूट.

"काकू, फळ्या बसल्या की रेघा झाकल्या जातील," मी म्हणाले. मला वाटलं त्या सुताराला परत पाठवतील.

"झाकू देत," काकू म्हणाल्या. "बघायला नाही मारल्या त्यांनी."

सुताराने दोन्ही फळ्या त्या रेघांवर बसवल्या. पाणसळ ठेवून बघितली, बुडबुडा मधोमध थांबला. त्याने हत्यारं पिशवीत भरली. काकूंनी ओट्यावरचा चहाचा डबा उचलला, वरच्या फळीवर ठेवला, परत काढला, पुन्हा ठेवला. चवडे उचलावे लागले नाहीत, खांद्याला हात लावावा लागला नाही. मग डबा खाली घेऊन त्यांनी आम्हा दोघींसाठी आणि सुतारासाठी चहा टाकला.